मोत्या असे का करतो?

या लेखाचा विषय कळल्यावर तुमच्यापैकी काही जण नाक मुरडतील. काही जण मात्र म्हणतील, "अरे, आमचा कुत्राही हेच करतो!" या दुसऱ्या मंडळींना ही गोष्ट घरात कोणाला सांगायची लाज वाटत असते. विज्ञानात मात्र कोणताही प्रश्न घाण नसतो. तेव्हा नाकावरचा रुमाल बाजूला ठेवा आणि वाचा.

मी सोलापुरात महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. जनावरांचा डॉक्टर नाही. तरीही एके दिवशी शेजारचा आठवीतला मुलगा रडवेला होऊन माझ्याकडे आला. त्याचा मोत्या नावाचा दीड वर्षाचा कुत्रा स्वतःचीच शी खात असे. घरात रांगती धाकटी बहीण होती आणि मोत्या तिचे तोंड चाटायचा. आजीने निक्षून सांगितले होते, "हे घाणेरडं जनावर पुढच्या रविवारपर्यंत बार्शी रस्त्याला सोडून या." मुलाने कोणाचे तरी ऐकून मोत्याला चार दिवस अननस खाऊ घातला होता. "सर, थोडा फरक पडला होता, पण पुन्हा सुरू झालं. आता काय करू?"

मी म्हणालो, "आधी एक वही आण."

वहीत काय लिहिले ते पुढे सांगतो. त्याआधी आपण थोडे शास्त्र पाहू.

विष्ठा खाणारे इतर प्राणी

विष्ठा खाण्याला शास्त्रीय भाषेत 'कॉप्रोफॅजी' म्हणतात. आपण विष्ठाभक्षण म्हणू. हे केवळ कुत्र्यातच दिसते असे नाही. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक प्रकार कोरड्या, कडक लेंड्यांचा. तो आपल्याला पिंजऱ्याखाली पडलेला दिसतो. दुसरा प्रकार मऊ, ओलसर आणि द्राक्षांच्या घोसासारखा असतो. तो आपल्याला सहसा दिसत नाही, कारण ससा गुदद्वाराशी तोंड नेऊन तो थेट खाऊन टाकतो. मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ साली या गोष्टीचे वर्णन केले.

ससा असे का करतो? गवत पचवणारे जीवाणू सशाच्या अंधनालात, म्हणजे लहान आतडे जेथे संपते त्याच्या पुढे असतात. तेथे तयार झालेली प्रथिने आणि 'ब' गटातील जीवनसत्त्वे शोषून घेण्याची जागा, म्हणजे लहान आतडे, तर मागे राहिलेले असते! मग तेच अन्न पुन्हा एकदा सुरुवातीपासून पाठवणे हाच उपाय. गाय रवंथ करते. ससा आपल्या पद्धतीने तेच साधतो.

उंदरांचेही असेच आहे. प्रयोगशाळेत त्यांना जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवले तरी ते लेंडी खाली पडण्याआधीच तोंडात घेतात. १९५७ साली बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या शेपटीच्या मुळाशी लहान वाट्या बसवून हे थांबवले, तेव्हा त्यांची वाढ मंदावली. हत्तीचे पिल्लू आईचे शेण खाते आणि पाला पचवणारे जीवाणू मिळवते. वाळवीची पिल्लेही लाकूड पचवणारे सूक्ष्मजीव अशाच मार्गाने मोठ्यांकडून घेतात.

मग कुत्र्यालाही याची गरज असते काय? नाही. कुत्र्याचे अन्न पचायला सोपे असते. ते त्याला एकाच फेरीत पचते. भाकरीसुद्धा! २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत असतात. हजारो वर्षे माणसाच्या उकिरड्यावर आणि ताटाजवळ राहून कुत्र्याच्या शरीरात हा बदल झाला आहे. तेव्हा सशाचे कारण कुत्र्याला लागू पडत नाही. दुसरे कारण शोधायला हवे.

कुत्र्यातील कारणे

पहिले कारण अगदी साधे आहे. व्यालेली कुत्री पहिले काही आठवडे आपल्या पिल्लांची शी-शू चाटून साफ करते. त्यामुळे जागा स्वच्छ राहते आणि शत्रूला वासही लागत नाही. ही आईची निगा आहे. तिला रोग समजू नये. लहान पिल्ले दिसेल ती वस्तू तोंडात घालतात, त्यात हीही येते. पुष्कळ पिल्ले मोठी झाल्यावर ती सवय आपोआप सोडतात.

दुसरे कारण आजाराचे. पोटात जंत असतील, स्वादुपिंडातून पाचक रस पुरेसे येत नसतील, तर अन्न न पचताच बाहेर पडते. कुत्र्याला भूक राहते आणि त्या विष्ठेला अन्नाचाच वास येतो. मधुमेहात किंवा काही औषधांनीही भूक फार वाढते. म्हणून मोठ्या कुत्र्याने ही सवय एकाएकी लावून घेतली, त्याबरोबर तो रोडावत असेल किंवा त्याला पातळ शी होत असेल, तर उपाय सांगणाऱ्यांकडे न जाता पशुवैद्यांकडे जावे.

तिसरे कारण परिस्थितीचे. दिवसभर साखळीला बांधलेला, एकटा, खेळ नाही, चोवीस तासांत एकदाच जेवण, आणि साखळीच्या टप्प्यातच शी पडलेली. अशा कुत्र्याला दुसरा उद्योग तरी काय?

पण निरोगी, पोटभर जेवणारे, लाडाचे कुत्रेही हे करतात. त्याचे काय? अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पाठपुरावा केला. त्यांचा निबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी कुत्री पाळणाऱ्यांच्या दोन पाहण्या केल्या; दोन्ही मिळून सुमारे तीन हजार उत्तरे आली. पहिल्या पाहणीत शेकडा १६ कुत्री, म्हणजे सहातले एक, विष्ठा खाताना वारंवार दिसली होती. ही कुत्री इतरांपेक्षा खादाड असल्याचे मालकांनी सांगितले. शी योग्य जागी करण्याचे शिक्षण मात्र त्यांना इतरांइतकेच सहज जमले होते. म्हणजे ती ढ किंवा मुळात घाणेरडी होती असे नाही.

सर्वात महत्त्वाचे निरीक्षण निराळेच होते. ही कुत्री बहुतेक वेळा ताजी, म्हणजे दोन दिवसांच्या आतली विष्ठाच खातात. शिळी नको, ताजी हवी!

येथे वेळेचे गणित येते. अंकुशकृमी नावाच्या जंताची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती बाहेर पडताच रोग देऊ शकत नाहीत. त्यांतून अळी निघून ती रोग देण्याजोगी व्हायला साधारण आठवडा लागतो. गोलकृमीच्या अंड्यांना तर दोन ते चार आठवडे लागतात. हार्ट यांचा तर्क असा, की कुत्र्याचे पूर्वज लांडगे आपल्या गुहेपासून दूर जाऊन शी करतात. पण एखादा आजारी लांडगा जवळच शी करून बसला, तर ती ताजी असतानाच खाऊन टाकणे कळपाला फायद्याचे ठरते. जंत 'तयार' होण्याआधीच जागा साफ! ती खोड आजच्या कुत्र्यात उरली असावी.

लक्षात ठेवा, हा तर्क आहे. दोन दिवसांची मर्यादा आणि जंतांचा आठवडा यांचा मेळ बसतो एवढे खरे. पण मेळ बसणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. शिवाय ही माहिती मालकांच्या सांगण्यावरून गोळा केलेली आहे. तरीही एक गोष्ट यातून उमगते. जी खोड मुळात स्वच्छतेची असू शकते, तिच्याबद्दल कुत्र्याला मारण्यात काय अर्थ आहे?

अननसाने फरक का पडला?

त्याच पाहणीत मालकांना विचारले होते, की तुम्ही कोणते उपाय केले? ही सवय मोडण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या अकरा वस्तूंविषयी उत्तरे आली. यशाचे प्रमाण शेकडा ० ते २! म्हणजे शंभरांतल्या अठ्ठ्याण्णवांचे पैसे वाया गेले. अननस, मिरपूड, चव बिघडवणाऱ्या गोळ्या यांची कीर्ती मग टिकते कशी?

तीन कारणांनी टिकते. पहिले, आपण उपाय केव्हा सुरू करतो? जेव्हा त्रास अगदी शिगेला पोचतो तेव्हा. शिगेला पोचलेली गोष्ट पुढे बहुधा आपोआपच थोडी उतरते. दुसरे, पिल्लू त्याच काळात मोठे होत असते. तिसरे कारण सर्वात गमतीचे आहे. मी त्या मुलाला विचारले, "अननस दिलास त्या चार दिवसांत तू स्वतः काय करत होतास?" तो म्हणाला, "फरक पडतो का ते बघायला पहाटे उठून त्याच्याजवळ उभा राहत होतो." मग सांगा, फरक अननसाने पडला की उभे राहण्याने?

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. दोन बदलल्या, तर श्रेय कोणाचे ते कळत नाही.

मोत्याची वही

आता वहीकडे वळू. मी त्याला पाच रकाने आखून दिले: वेळ, जागा, जवळ कोण होते, शेवटचे जेवण केव्हा झाले, खाल्ले की नाही. पहिला आठवडा कोणताही उपाय करायचा नाही, फक्त नोंद करायची, अशी अट घातली. आजीकडून रविवारची मुदत वाढवून घ्यायला मला स्वतःला जावे लागले. बाळाला तोवर मोत्यापासून लांब ठेवायचे ठरले.

आठवड्याच्या नोंदी अशा होत्या. मोत्याने एकूण १५ वेळा शी केली, ७ वेळा सकाळी आणि ८ वेळा संध्याकाळी. त्यांपैकी ६ वेळा खाल्ली. या सहाही वेळा सकाळच्या होत्या. संध्याकाळी एकदाही नाही. संध्याकाळी मुलगा त्याला फिरायला नेत असे. सकाळी मोत्या अंगणात बांधलेला असे. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला. ते सातला येऊन त्याला सोडत. मोत्याची शी होई साडेपाच-सहाला. मधला तासभर तो आणि त्याची शी, दोघेच! सातपैकी एका सकाळी मात्र काही झाले नव्हते. त्या दिवशी वडिलांची साप्ताहिक सुट्टी होती आणि त्यांनी त्याला पहाटेच बाहेर नेले होते.

पाहा, वहीने काय केले! "मोत्या घाणेरडा आहे" हे वाक्य बदलून "मोत्या सकाळी साडेपाच ते सात या वेळात, बांधलेला आणि एकटा असताना खातो" असे झाले. पहिल्या वाक्यावर उपाय नाही. दुसऱ्यावर आहे.

मुलाने साडेपाचला उठून मोत्याला बाहेर न्यायला सुरुवात केली. त्याच सुमारास जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात शी तपासून घेतली. जंत निघाले, औषध दिले गेले. तुम्ही म्हणाल, "सर, येथे तर तुम्हीच दोन गोष्टी एकदम बदलल्या!" बरोबर आहे. पण आजारी जिवाचे औषध प्रयोगासाठी थांबवायचे नसते. त्यामुळे पुढच्या दोन आठवड्यांत फक्त एकदाच, मुलाला उठायला उशीर झाला त्या दिवशी, मोत्याने शी खाल्ली, तरी श्रेय औषधाचे की पहाटेच्या फेरीचे हे सांगता येईना.

याचे उत्तर गड्ड्याच्या यात्रेने दिले. मकरसंक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरली, नंदीध्वजांची मिरवणूक निघाली, घरी पाहुणे आले. मुलगा रात्री उशिरापर्यंत यात्रेत आणि सकाळी अंथरुणात! तीन दिवस पहाटेची फेरी चुकली. तीनपैकी दोन दिवस मोत्याने पुन्हा शी खाल्ली. जंतांचे औषध तर आधीच झाले होते. फेरी पुन्हा सुरू झाली आणि प्रकार पुन्हा थांबला. केलेला बदल मागे घेऊन परिणामही मागे जातो का हे पाहणे, ही प्रयोगशाळेतली एक चांगली कसोटी आहे. ती येथे आपसूकच झाली.

एकाच कुत्र्यावरून आणि इतक्या थोड्या नोंदींवरून सगळ्या कुत्र्यांचा नियम मांडता येणार नाही. मोत्यापुरते मात्र आम्हाला समजले. त्याला आजी अजून "घाणेरडा" म्हणते, पण बार्शी रस्त्याचे नाव काढत नाही.

तुम्ही काय कराल?

१. प्रथम कुत्र्याची शी पशुवैद्यांकडून तपासून घ्या. ते सांगतील त्याप्रमाणे जंतांचे औषध द्या. मनाने माणसांच्या गोळ्या देऊ नका.

२. जेवण दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी द्या. नुसती भाकरी आणि ताक यावर कुत्र्याचे भागत नाही. त्याला प्रथिने हवीत. उकडलेले अंडे, मांस किंवा पशुवैद्य सुचवतील तो आहार द्या. कत्तलखान्याजवळची कच्ची आतडी, फुप्फुसे मात्र कधीही घालू नका. त्यांतून फीतकृमीची एक घातक जात कुत्र्याच्या पोटात जाते आणि तिची अंडी माणसाला बाधतात.

३. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते. पिल्लू पंधरा-वीस मिनिटांत शी करते. जेवणाची वेळ ठरली, की शीची वेळही बहुतेक ठरते. त्या वेळी त्याला दोरी लावून बाहेर न्या.

४. शी होताच त्याला नावाने हाक मारा. तो तुमच्याकडे वळला, की त्याच क्षणी आवडता तुकडा द्या. दोन-चार सेकंदांचा उशीरसुद्धा नको, नाहीतर बक्षीस कशाचे ते त्याला कळत नाही. बक्षीस म्हणून द्राक्षे किंवा बेदाणे देऊ नका. आपल्या जिल्ह्यात ते घरोघरी असतात, पण कुत्र्याच्या मूत्रपिंडांना ते घातक ठरू शकतात.

५. शी लगेच उचला. सर्वात खात्रीचा उपाय हाच. जे जमिनीवर नाही, ते खाता येत नाही!

६. मारू नका आणि शीत नाक तर कधीच घासू नका. मार बसतो म्हटल्यावर कुत्रा शिकतो ते एवढेच, की माणूस येण्याआधी ती चटकन संपवावी. तुमच्या मारानेच सवय पक्की होते.

७. त्याला फिरवा, खेळवा, सोबत द्या. आपल्या भागातला सडपातळ कारवान असो की गल्लीतला साधा गावठी, दिवसभर साखळीला बांधून राहण्यासाठी तो घडलेला नाही.

८. तोंड घट्ट बांधणारी मुसकी हा उपाय करू नका. याचे कारण पदार्थविज्ञानातले आहे. कुत्र्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सियस असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवेचा पारा ४२ अंशांवर जातो. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. म्हणजे अशा वेळी हवाच कुत्र्याला तापवते. सुटका एकच, बाष्पीभवन. आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो जवळजवळ पंजांपुरताच येतो. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता निघून जाते. तोंड बांधले, की हा मार्गच बंद होतो आणि कुत्रा उष्माघाताने मरू शकतो.

९. शी खाल्लेल्या कुत्र्याला तोंड चाटू देऊ नका. त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवा. घरात लहान बाळ असेल, तर हा नियम अधिक कडक पाळा. गोलकृमीच्या अळ्या माणसाच्या शरीरात गेल्या, तर क्वचित डोळ्यालाही इजा करतात.

इतके करूनही सवय सुटलीच नाही, असेही होईल. खादाड कुत्र्यांत ती चिवट असते. मग पाचवा नियम आयुष्यभर पाळावा लागेल. रोज दोन मिनिटांचे काम आहे. त्यासाठी कुत्र्याला रस्त्यावर सोडून देण्याचे कारण नाही.

करून पाहा

तुमच्याकडे कुत्रा असेल, तर मोत्याच्या वहीसारखे पाच रकाने आखून एक आठवडा नोंद करा. कुत्रा विष्ठा खात नसेल, तर तो कोणत्या वेळी भुंकतो, पायताण कुरतडतो किंवा खड्डा उकरतो याची नोंद करा. उपाय मात्र आठवडा संपल्यावरच सुरू करा.

विचार करा

१. सशाला विष्ठा खाण्याची गरज का असते आणि कुत्र्याला का नसते?

२. हार्ट यांचा तर्क चुकीचा असेल, तर कुत्र्यांच्या वागण्यात काय दिसायला हवे?

३. एका दुकानदाराने सांगितले, "आमच्या गोळीने दहा पिल्लांची ही सवय सहा महिन्यांत सुटली." त्याचे म्हणणे मान्य करण्यापूर्वी तुम्ही त्याला कोणते दोन प्रश्न विचाराल?